आइस्क्रीमच्या डब्यातलं कुटुंब

तीर्थरूप दादा यांस,

धाकट्याचा नमस्कार. (‘तीर्थरूप’ वाचून दचकू नकोस. कोरा कागद समोर आला की हात आपोआप तसा वळतो. पुढच्या ओळीपासून नेहमीसारखं अरे-तुरेच आहे.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? आमच्याकडे सगळे जिवंत आहेत. याहून बरं काही लिहिण्यासारखं नाही.

तू राहतोस दोन बसथांब्यांवर आणि मी तुला पत्र लिहितोय, म्हणजे माझ्या डोक्यावर परिणाम झाला असं तुला वाटेल. पण आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, हे मला फार उशिरा कळलं. कसं कळलं, तेच सांगायचंय. अण्णांना एक तारखेपासून नदीपलीकडच्या त्या वृद्धाश्रमात ठेवायचं की नाही, याचं पक्कं उत्तर तू रविवारपर्यंत मागितलं आहेस. देतो. पण आधी टोमॅटो.

झालं असं, की आमच्या वकीलबाईंना (तुझ्या पुतणीला आता हेच नाव पडलंय, दुसरीत आहे आणि उलटतपासणी घेते) शाळेचे बूट घेतले, तेव्हा दुकानदाराने वर टोमॅटोच्या बियांचं पाकीट फुकट दिलं. बुटांवर मोजे द्यावेत एवढं साधं ज्याला सुचत नाही, त्याच्या दुकानात आपण का जातो, हा वेगळा विषय आहे. घरी येताच वकीलबाईंनी जाहीर केलं, की यापुढे भाजी घरीच पिकणार. मी ‘वा!’ म्हणालो. (समोरचा काय बोलतोय हे ऐकलं नसलं की मी ‘वा’ म्हणतो. त्यातून बरेच घोटाळे झालेत.) मग आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्याला तापल्या सुईने भोकं पाडणं आलं. त्यातलं एक टेबलक्लॉथला पडलं, आणि त्यावरची चर्चा आमच्या घरात अजून संपलेली नाही. माती इमारतीच्या कुंपणालगत खणून आणली. दोन जड पिशव्या घेऊन आम्हा बापलेकींना येताना बघून वॉचमनने विचारलं, “कोणाला पुरायचंय, साहेब?” तेव्हा मला हसू आलं होतं.

पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रार-खिडकीवर बसतो. केस पिकले, पण तिथे ‘दाब कमी आहे, येईल’ यापलीकडे लोकांना देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. घरात एक डबा असा मिळाला, की ज्याला पाणी सोडायला वरच्या साहेबांची परवानगी लागत नव्हती. मी सुटलोच. सकाळी दिलं, ऑफिसातून आल्यावर दिलं, जाता-येता सहज म्हणून दिलं. माझ्या हातून जन्मात पहिल्यांदा कोणाला पोटभर पाणी मिळालं, आणि ते सगळे कुजून मेले. वकीलबाईंनी माती उकरून एक बी बाहेर काढलं, वास घेतला आणि विचारलं, “बाबा, तुला ऑफिसात कोणी रागवत नाही?” रागवतात म्हटलं. रोज.

दुसऱ्या पेरणीला मला डब्याजवळ फिरकू दिलं नाही. काम अण्णांकडे गेलं. अण्णांनी उभा जन्म थिएटरच्या दारात टॉर्च घेऊन लोकांना खुर्च्या दाखवल्या. झाडांशी त्यांचा संबंध आला तो पडद्यावर नायक-नायिका झाडामागे गेले तेवढाच. पण तो आठवडा ढगाळ होता, आणि ‘पोरांना उजेड पुरत नाहीये’ म्हणत ते खाटेवर बसून डब्यावर टॉर्च धरायचे. हात दुखला की दुसऱ्या हाताने. आमची ही म्हणाली, “गॅस चालू राहिलेला दिसत नाही, बी मात्र बरोबर दिसतं!” (गॅसचं तुला ठाऊकच आहे. दोनदा झालं, दोन्ही वेळा भर दुपारी, घरात दुसरं कोणी नसताना. वृद्धाश्रमाचा विषय तिथून निघाला. तो काही उगाच निघाला नाही, हे मला मान्य आहे.)

आणि एके दिवशी अख्खा डबा उगवला. आजोबा-नातीने मिळून उरलेलं पाकीटच्या पाकीट ओतलं होतं, त्यामुळे पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. वकीलबाईंनी प्रत्येक रोपाला घरातल्या माणसाचं नाव दिलं. तू सगळ्यांत उंच होतास, पण खिडकीकडे झुकलेला, म्हणजे आमच्याकडे पाठ करून. वहिनी तुझ्या शेजारी. मी मधोमध आणि वाकडा. ही जाड देठाची, ताठ. भिंतीवरच्या फोटोतल्या आईलाही एक रोप मिळालं. अण्णा कोपऱ्यात, पहिल्यापासून किरटे.

आता त्या मेल्या पाकिटाच्या मागे छापलं होतं, की रोपं दाट झाल्यास जोमदार तेवढी ठेवून बाकीची उपटून टाकावीत. मी वकीलबाईंना समोर बसवलं आणि शांतपणे समजावलं. म्हटलं, बघ बाळा, जागा एवढीशी. सगळ्यांना ठेवलं तर कोणाचंच भलं होणार नाही. यात कोणावर राग नाही. लहानांना वाढायला जागा नको का? निम्म्यात आल्यावर माझ्या लक्षात आलं, की ही वाक्यं इतकी घडाघड येताहेत, कारण ती आधी बोलून झाली आहेत. याच खोलीत, तुझ्याशी, फोनवर. फक्त तेव्हा शेवटी ‘पोरीला अभ्यासाला टेबल नको का’ एवढं जास्त होतं.

वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे अण्णांना उपटायचं?”

“रोपाला गं. रोपाला.”

“आधी रोप काढा,” खाटेवरून अण्णा म्हणाले. “माझं एक तारखेला आहे.”

दादा, या माणसाला चहा झाल्याचं आपण ओरडून सांगतो. वकीलबाई माझ्याकडे बघत राहिल्या. “माझ्या टेबलासाठी का? मला नकोय टेबल. मी खाटेवर बसून लिहिते की.” आतून मिक्सरचा आवाज आला. बऱ्याच वेळाने मी जाऊन पाहिलं, तर भांड्यात काहीच नव्हतं. हिने तो नुसताच लावला होता.

त्यानंतर एकही रोप उपटलं गेलं नाही. वकीलबाईंची आज्ञा. परिणाम असा, की सगळीच पिवळी पडायला लागली. पाकीट खरं सांगत होतं, दुःख त्याचंच आहे. पाकीट खोटं निघालं असतं तर मी ताठ मानेने दुकानदाराशी भांडलो असतो. शेवटी प्रत्येक रोप वेगळं लावायचं ठरलं. घरातले कप गेले, मग पेले, मग माझा दाढीचा मग, मग डाळ-तांदळाचे डबे. चहा आम्ही हल्ली वाटीतून पितो. गजांजवळ इतकी गर्दी झालीय की खिडकी लागत नाही. एवढं करूनही निम्मी रोपं जागा बदलल्याच्या धक्क्यानेच गेली. कळवायला वाईट वाटतं, पण तू परवा गेलास. सकाळी उभा होतास, संध्याकाळी आडवा. वहिनींनी तग धरला आहे. मी तुझ्या आधीच गेलो. अण्णा अजून आहेत, पण दोन पानं पिवळी आहेत, पुढचं विचारू नकोस. टोमॅटो लागतील असं मला वाटत नाही.

तर उत्तर. फोनवर मी ‘हो’ म्हणालो होतो. जागा खरंच नाही आणि गॅस खरंच चालू राहिला होता, तेव्हा तुला चूक म्हणायला माझ्याकडे तोंड नाही. माझं ‘हो’ कायम आहे असं समज आणि पुढचं तू बघ.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. — वरचं हिने वाचलं. म्हणाली, “सगळं खरंय. फक्त अडचण दुपारचीच आहे, तेवढं लिहायला विसरलास.” तेव्हा लिहितो. सकाळ-संध्याकाळ आम्ही घरात असतो. प्रश्न ही कामावर गेल्यापासून वकीलबाई शाळेतून येईपर्यंतचा. तू मागच्या वर्षी निवृत्त झालास, आणि वहिनी सांगतात की दुपारभर तू निरनिराळ्या कंपन्यांना फोन लावून भांडत बसतोस. तेच इथे येऊन भांडलास तर? आमची लिफ्ट चालू आहे, गुडघ्याला त्रास नाही. अण्णांशी बोलायलाच पाहिजे असं नाही, त्यांनाही तुझ्याशी बोलायची फारशी हौस नाही. नुसता बस. जमणार असेल तर वृद्धाश्रमाला नको म्हणून तूच कळव, आणि वर लिहिलेलं उत्तर रद्द समज. फक्त ‘बघतो’ म्हणू नकोस. तू ‘बघतो’ म्हणालास की काय होतं, ते आपल्या दोघांनाही माहीत आहे.

आणखी एक ता. क. — पत्र कोणाला चाललंय हे अण्णांनी ओळखलं. (आमच्या घरात कागदावरचंही ऐकू जातं.) त्यांनी निरोप दिलाय: “थोरल्याला लिही, मी आनंदाने जातोय. तिथे मोठी बाग आहे म्हणे. कोणी मनाला लावून घेऊ नका.” तसं लिहिलं. मग मी लिफाफा चिकटवायला घेतला, तर त्यांनी परत हाक मारली. जवळ बोलावून हळूच म्हणाले, “मला तिथे जायची भीती वाटते, ते लिहू नकोस हं.”

ते मी लिहिलेलं नाही.