बोळाच्या तोंडावरची भिंत

मी, आप्पासो कोंडीबा वीरकर, वय ६९, धंदा गवंडीकाम, मूळ राहणार म्हसवड, हल्ली राहणार सांगली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दाबाखाली न येता लिहून ठेवत आहे. माझा मुलगा इंद्रजित वर्षभर मला वेडा ठरवत असल्यामुळे डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात बीपी जास्त असल्याचे लिहिले आहे. राग जास्त आहे हे लिहायला दाखल्यात रकाना नव्हता. वकीलसाहेबांनी या कागदातली निम्मी वाक्ये गाळायला सांगितली होती. मी एकही गाळलेले नाही.

माझी पत्नी सुलाबाई मयत आहे. वारस दोन: मुलगा इंद्रजित आणि तासगावला दिलेली मुलगी पल्लवी.

कलम १. मिळकत. सांगली येथील माझे स्वकष्टार्जित घर, खाली तीन खोल्या, वर एक, मागे परसू. चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस गल्लीचा रस्ता. पूर्वी मातीचा होता, आता भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक आहेत आणि दुपारी त्यावर कुत्रेही थांबत नाही. उत्तरेस दुसऱ्याचे घर, भिंतीला भिंत. पश्चिमेस माझे परसू. त्यापलीकडे ओढा आणि उसाचे रान होते. ओढा बुजवून, रान बिगरशेती करून तिथे चार मजल्यांच्या दोन इमारती उठल्या. त्यांचे पायेही मीच भरले. त्या दोन इमारतींच्या फटीतून नदीकडचे वारे अजून येते. दक्षिणेस भाऊसो बापू माळी यांचे घर, आणि दोन घरांच्या मध्ये सहा फुटांचा बोळ, तीन फूट माझा आणि तीन त्याचा. वारे त्या बोळातून शिरून आमच्या खिडक्यांवरून गल्लीत जायचे. उन्हाळ्यात सुलाबाई बोळाकडच्या खिडकीत बसून तांदूळ निवडायची आणि रात्री बोळातच खाट टाकून निजायची. तेव्हा आमच्याकडे पंखासुद्धा नव्हता.

कलम २. हे कलम मिळकतीचे नाही. वकील म्हणाले, मृत्युपत्रात गुन्हा कबूल करत नाहीत. मग कुठे करतात? मी करतो.

भाऊसोच्या परसात कडुलिंब होता. त्याची पाने माझ्या अंगणात पडतात, मुळ्या माझ्या घराच्या पायात शिरतात, म्हणून मी रोज भांडायचो. तो झाड तोडेना. मग २०११ साली, तो गावाला गेलेला असताना, मी बोळाच्या पश्चिम तोंडावर विटांची भिंत घातली आणि बोळावर पत्रा टाकला. भाऊसो परत आला तो पहार घेऊनच. त्याने भिंतीत पहिली पहार मारली आणि मी घण उचलला. घण त्याच्या उजव्या मनगटावर बसला. हाडे मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि मला त्या वेळी बरे वाटले, हेही लिहून ठेवतो. तो मिरजेच्या दवाखान्यात पडलेला असताना मी भर दुपारी कडुलिंबाच्या बुंध्याला ड्रिलने सात भोके पाडली आणि फरशी धुवायचे ॲसिड ओतून भोके मातीने लिंपली. झाड वर्षभर उभेच वाळले. पुढे पोलीस, पंच, तडजोड सगळे झाले. भिंत राहिली.

झाड गेल्यावर पश्चिमेची बाजू उघडी पडली. तिथेच इंद्रजितने वर स्लॅबची खोली काढली आणि आम्हा दोघांना वर पाठवले. खोली बांधली मीच. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी खाली ओकतो, हे मला पन्नास वर्षे ठाऊक आहे. मी त्या खोलीला बोळाकडे खिडकी ठेवली नाही. कारण एकच, भाऊसोचे तोंड दिसू नये.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी हळदीचे व्यापारी धन्यकुमार चौगुले यांच्या गोदामाचा नवा स्लॅब सांभाळत होतो. स्लॅब तडकू नये म्हणून त्यावर ओली पोती अंथरून सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी मारत होतो. सुलाबाईचे गुडघे गेलेले, जिना उतरता येत नव्हता. खाली इंद्रजितचा एसी चालू होता आणि त्याची गरम हवा बंद बोळात कोंडून वरच्या भिंतीला लागत होती. चार वाजता मी आलो तेव्हा ती जमिनीवर पडलेली होती. अंग तव्यासारखे भाजत होते. दवाखान्यापर्यंतही पोहोचली नाही. परक्याच्या स्लॅबला मी पंधरा दिवस ओले पोते घातले, बायकोला एक घातले नाही.

पल्लवीच्या सासरी बेदाण्याचे शेड आहे. ती आली आणि रडली नाही. खोलीच्या चारही भिंतींना हात लावून बघितला आणि मला म्हणाली, "आबा, द्राक्षाला वारं लागतं म्हनून आमी शेड चारी बाजूंनी उघडं ठेवतो. माज्या आईला तेवढंबी दिलं न्हाईसा तुमी."

 उन्हाने मेली असे मृत्यूच्या दाखल्यावर आहे. ऊन सगळ्या सांगलीवर होते. मी तिला मारले.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी घण घेऊन वर गेलो आणि त्या स्लॅबवर घालू लागलो. इंद्रजितने मला मागून धरून जिन्यावरून ढकलले. दोन बरगड्या मोडल्या. मी उठलो आणि त्याच्या तोंडावर लोखंडी थापी मारली. त्याच्या डाव्या गालावरचा व्रण तो आहे. दाढी करताना कापले, असे तो लोकांना सांगतो.

कलम ३. इंद्रजितने एका बिल्डरशी बोलणी केली आहेत. घर पाडून, परसू धरून, भिंतीला भिंत लावून चार मजले. म्हणून माझी इच्छा अशी: पुढची तीन खोल्यांची जागा इंद्रजितची. परसू आणि बोळातील माझे तीन फूट पल्लवीचे. परसात बांधकाम, कोबा, फरशी, पेव्हर ब्लॉक काहीही घालू नये, पत्र्याची शेडही नाही. माती उघडी राहावी. वरच्या खोलीत यापुढे कोणी राहू नये. माझी सून सोनम गरोदर आहे आणि बाळंतिणीची खाट वर टाकायचे ठरले आहे असे कानावर आले. इंद्रजित, त्या खोलीत पोर निजवलेस तर तुला या घरातली एक वीटही मिळणार नाही, सगळे पल्लवीचे.

कलम ४. बोळाची भिंत माझ्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत इंद्रजितने स्वतःच्या हाताने पाडावी. (हे कलम रद्द. कारण शेवटी दिले आहे.)

कलम ५. माझी गवंडीकामाची हत्यारे, म्हणजे थापी, ओळंबा, गुण्या आणि लेव्हलची नळी, माझ्या हाताखाली काम शिकलेल्या तानाजीला. एकवीस वर्षे माझ्या शिव्या खाऊन तो टिकला. अट एवढीच, दोन घरांच्या मध्ये फट न ठेवता त्याने घर बांधू नये. मालक ऐकत नसेल तर काम सोडावे. घण इंद्रजितला.

कलम ६. बँकेत जे असेल ते पल्लवीला, परसात कडुलिंब लावून तो जगवण्यासाठी. माझे प्रेत वरच्या खोलीत न ठेवता परसात मातीवर ठेवावे.

सहीपूर्वी घातलेला मजकूर. साक्षीदार म्हणून भाऊसो माळी यांनाच आणायचे असे मी ठरवले होते. चौदा वर्षांनी काल त्यांच्या दारात गेलो.

"काय रं, दुसरा हात मोडायला आलास व्हय?"

"सही मागायला आलोय."

त्याने कागद पूर्ण वाचला. कडुलिंबाच्या ओळीवर बोट बराच वेळ ठेवले. झाड रोगाने वाळले असेच तो समजत होता. मला वाटले आता मारणार. मारायला हवे होते.

"सात भोकं," एवढेच म्हणाला. मग म्हणाला, "मेल्यावर पोराकडनं भित्त पाडून घेनार? तुज्या हातानं घातलीस न्हवं? तुज्या हातानं पाड. मग सही."

आज सकाळी मी घण घेऊन बोळात गेलो. बोळ मोकळा झाला तर बिल्डर मागे हटेल म्हणून इंद्रजित आडवा आला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"आधी माज्यावर घाला घण. मग भित्त."

मी घण उचलला. खोटे लिहीत नाही, माझा हात थांबला नव्हता. तेवढ्यात पलीकडून भिंतीवर पहार बसली. भाऊसो डाव्या हाताने मारत होता. तिसऱ्या घावाला इंद्रजितच्या खांद्याशेजारची वीट निसटून पडली आणि त्या भोकातून वारे आले. ते त्याच्या घामाने भिजलेल्या पाठीला लागले. तो वळला. भोकासमोर तोंड धरून थोडा वेळ उभा राहिला, मग बाजूला झाला. म्हणाला, "आईची खाट हितंच असायची न्हवं?"

मी घण खाली ठेवला. तो त्याने उचलला आणि राहिलेली भिंत आम्ही तिघांनी पाडली. म्हणून कलम ४ रद्द. कलम ३ मात्र कायम आहे, कारण मी माझ्या मुलाला ओळखतो आणि बिल्डरलाही.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये असे वकील सांगतात. म्हणून भाऊसोला मी काहीच देत नाही.

हे मी वाचून पाहिले, बरोबर आहे. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: सांगली. दिनांक: १८ मार्च २०२५.

लिहून ठेवणार: आप्पासो कोंडीबा वीरकर (सही)

साक्षीदार १: धन्यकुमार आदगोंडा चौगुले, व्यापारी, सांगली (सही)

साक्षीदार २: भाऊसो बापू माळी, शेजारी, सांगली. डाव्या हाताचा अंगठा. साक्षीदार साक्षर आहेत. त्यांचा लिहिता हात लिहून ठेवणाऱ्याने मोडला आहे.