इंजिनातलं पवित्र पाणी

गिरीज, रविवार, संध्याकाळ

आजारपणानंतर पास्कल कुणालाच ओळखत नाही. फक्त त्याच्या संग्रहातल्या छोट्या वाफेच्या इंजिनाची शिटी झाली की माझ्याकडे वळून हसतो. तेवढंच उरलंय मला.

आज इंजिन नुसतं फसफसलं. शिटी नाहीच.

नणंद म्हणाली, "वहिनी, चर्चचं पवित्र पाणी ओतलंय मी. दादा बरा होईल म्हणून."

"अगं, त्यात मीठ असतं! शिटी बुजली ना!"

"मिठाने तर सैतान पळतो!"

हसू की रडू? शिटी धुतली, सुईने टोचली, फुंकली. काही नाही.

शेवटी मीच तोंडाने शिटी वाजवली. कॉन्व्हेंटात अशी शिटी वाजवल्याबद्दल सिस्टरांची छडी खाल्लेली. पास्कल भिंतीकडेच बघत राहिला. तरी ओठ सुकेपर्यंत मी वाजवत राहिले.