गालाजवळचे रीडिंग

मी, शैला कचरू ओव्हाळ, वय ६८, अविवाहित, निवृत्त सरकारी छायाचित्रकार, राहणार धायरी, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणायला घरात दुसरे माणूस लागते, ते नाही.

१. राहता फ्लॅट माझी भाची चैताली हिला द्यावा. सोसायटीच्या चेअरमननी गच्चीची किल्ली मला कधी दिली नाही. ती तिने भांडून घ्यावी.

२. बँकेतील ठेव विहाराच्या वाचनालयास द्यावी. कॅमेरा विकावा, कोणी घेतला तर. आमचे रोल धुणारे दुकान हल्ली मोबाइल विकते.

३. माझी थोरली बहीण, कालकथित रतन, हिच्या लग्नाचा अल्बम कोणालाही न देता जाळून टाकावा. लग्न आमच्या बौद्ध पद्धतीचे, नवरीसकट सगळ्या पांढऱ्या साडीत. नारायण पेठेतला फोटोग्राफर कॅमेऱ्यातल्या मीटरवर विसंबला. तो मीटर समोरून परत येणारा उजेड मोजतो. इतके पांढरे दिसले की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो हात आखडता घेतो. साड्या राखाडी आल्या आणि रतनचा चेहरा काळाठिक्कर. विचारायला गेले तर म्हणाला, "मुलगीच काळी, त्याला मी काय करू?" सासरी तो अल्बम आल्यागेल्याला दाखवून हसत. रतनने पुन्हा कोणाला फोटो काढू दिला नाही. मलासुद्धा नाही.

४. म्हणून मी हातात धरायचा मीटर घेतला. तो गालाजवळ धरून तिथे पडणारा उजेड मोजायचा. साडी पांढरी की गाल काळा, हे तो विचारत नाही. दोन्ही मीटरांचे रीडिंग जुळले नाही की मी याचेच ऐकत असे. आमच्या वस्तीतल्या नवऱ्या त्यानंतर फोटोत जशा होत्या तशा आल्या. हा मीटर रतनचा मुलगा अभय यास द्यावा, एका अटीवर.

अभय हिंजवडीला कंपनीत असतो. यंदा चौदा एप्रिलला आला, आणि बूट न काढता दारातूनच झूम करून माझा फोटो घेतला. अंगावर पांढरी साडी, मागे खिडकी. मी आले कोळसा. तसे म्हटले तर म्हणाला, "मावशी, कॉम्प्युटरवर उजळ करता येतं." येत असेल बाबा.

अट अशी: अंत्यविधीला मी पांढऱ्या कापडात असेन, भोवतीची माणसेही पांढऱ्यात. कॅमेरा फसणारच. अभयने जवळ येऊन, मीटर माझ्या गालाशी धरून रीडिंग घ्यावे आणि मगच फोटो काढावा. जन्मभर मी लोकांच्या गालाशी हा मीटर धरला. माझ्या गालाशी तो कोणी धरला नाही. याचे मला वाईट वाटते, हे इथे स्पष्ट नमूद करते.

सदर अट माझ्या हयातीत पूर्ण केल्यास या मृत्युपत्रास कोणतीही बाधा येणार नाही. रविवारी मी घरीच असते.

(सही) शैला कचरू ओव्हाळ

साक्षीदार:
१. (सही) सुनीती गोडसे, शेजारी
२. (सही) दशरथ पोकळे, निवृत्त तलाठी

धायरी, पुणे
दि. २० मे २००६