तक्रारखोर गिऱ्हाईक

मंगळवार, ता. ९

ती. दादास,

नमस्कार. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते न फोडताच बाजूला ठेवशील अशी धास्ती होती, म्हणून पत्ता एका गिऱ्हाइकाकडून लिहून घेतला. राग मानू नकोस.

इकडे सगळं ठीक. बाबांचे गुडघे कुरकुरतात, पण बाबा स्वतः त्यांच्याहून जास्त कुरकुरतात, त्यामुळे गुडघ्यांचं फारसं ऐकू येत नाही. पुढच्या खोलीला रंग दिला. खिडकीजवळचं टेबल आता फोटोसाठी राखीव आहे. तिथे बसणारी माणसं आधी फोनला भरवतात आणि मग स्वतः जेवतात. मी गल्ल्यावर असते. वहिनी बरी असेल.

आपल्या हॉटेलचं पेज तू पाहिलं आहेस, त्याबद्दल नंतर लिहिते. ते चालतं कसं हे मात्र तुला ठाऊक नसणार. समोरच्या दोन्ही हॉटेलांची पेजं आहेत म्हटल्यावर मीही एक पेजवाली ठेवली. ती अशी आणखी काही हॉटेलं सांभाळते. फोटो काढेपर्यंत सूप गार होतं, म्हणून वाडग्यामागे उकळत्या पाण्याचा कप लपवून ती वाफ आणते. मग ‘आज टोमॅटोचं की मशरूमचं?’ असा लोकांचा कौल घेते. टोमॅटो जिंकला तरी बाबा मनात असेल तेच सूप करतात. खाली कोणी काहीही लिहिलं तरी तिचं उत्तर ठरलेलं असतं, दोन गोड शब्द आणि एक लाल बदाम.

बाबांना हा सगळा पोरखेळ वाटायचा. पण एकदा कोणीतरी पाव कडक होता असं लिहिलं, तेव्हा त्यांनी तिला बाजूला सारून मला उत्तर सांगितलं. ‘महोदय, तक्रार वाचली. पाव कालचा होता. चूक आमची. पुन्हा यावे, पैसे घेणार नाही. कळावे.’ लोकांना ते इतकं आवडलं की काही जण हौसेने तक्रारी करू लागले. बाबा प्रत्येकाला ‘महोदय’ म्हणून उत्तर द्यायचे. पेजवालीने हात टेकले.

या महोदयांत एक ‘उपाशी बोका’ होता. फोटोच्या जागी रिकामं ताट. इतर सगळे ‘अप्रतिम’, ‘लाजवाब’ करत असताना हा लिहायचा, ‘आज मीठ जास्त.’ ‘मिरपूड आच बंद केल्यावर घालतात.’ एकदा तर त्याने लिहिलं, ‘आज जाड बुडाचं पातेलं घासायला टाकलं होतं वाटतं.’ दादा, गिऱ्हाइकाला सूप कळतं, पातेलं कळत नाही. मी ताकास तूर लागू दिली नाही. घरपोच पार्सल नेणाऱ्याला सहज विचारलं, ‘उपाशी बोका’ याच नावाने ज्या पत्त्यावर सूप जातं, तिथे ते घेणारा माणूस दिसतो कसा? तो म्हणाला, “तुमच्या बाबांसारखाच, फक्त डोक्यावर केस आहेत.”

बाबा ते शेरे वाचून भडकायचे. “कोण शहाणा लागून गेला हा!” आणि दुसऱ्या दिवशी मीठ नेमकं बसायचं. पुढे पुढे सकाळी एप्रन बांधतानाच विचारायचे, “त्या शहाण्याने काही लिहिलंय का गं?” लिहिलं नसेल तर चेहरा पडायचा. मला वाटायचं, त्यांना भांडायला कोणीतरी मिळालंय, बरंच आहे.

आपल्या स्वयंपाकघराची रीत तुला सांगायला नको. ज्याने पातेलं चढवलं त्यानेच चाखायचं, दुसऱ्याने चमचा घातला तर तो अपमान. तू घातलास, आणि वर गिऱ्हाइकांदेखत खारट आहे म्हणालास. पुढचं मी लिहीत नाही. त्या दिवसानंतर बाबांच्या पातेल्याला कोणी हात लावलेला नाही. मीही नाही.

इथवर लिहून मी दोनदा उठले. एकदा टेबलं पुसून घेतली, एकदा उगाच बरण्या लावल्या. आता लिहून टाकते.

हिवाळ्यात बाबा तापाने आजारी होते. बरे झाले, कामाला लागले. त्यानंतर एका सकाळी मी कॉफी केली. बाबांनी त्यांचा कप नेहमीसारखा घोट घोट संपवला. मी माझ्या कपातून एक घोट घेतला आणि मोरीत थुंकले, दूध पार नासलं होतं. बाबा कप विसळत म्हणाले, “आज कॉफी छान झाली होती.”

मी उरलेलं दूध गुपचूप मोरीत ओतून दिलं. खरं सांगितलं असतं तर त्यांचं तोंड मला बघवलं नसतं. मला फार वाईट वाटलं, दादा, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

गेल्या महिन्यात उपाशी बोक्याचे शेरे येणं थांबलं. सूप दिवसेंदिवस खारट होत गेलं. पेजवर लोक बदाम टाकत होते आणि टेबलावर अर्धे वाडगे तसेच सोडून जात होते. तूही पार्सल मागवत होतास आणि मुकाट्याने खात होतास. शेवटी बाबांनीच पेजवालीला विचारलं, “तो शिव्या घालणारा कुठे गेला?” ती कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली, “त्याला मी ब्लॉक केलं, काका. अशा लोकांनी पेज खराब दिसतं. सगळ्याच हॉटेलांसाठी करते मी हे.”

बाबा खुर्चीवर बसले. बराच वेळ पंच्याने हात पुसत राहिले. मग तिला नाही, मला म्हणाले, “मग आता मला कोण सांगणार?”

तिला बिचारीला काही कळलं नाही. मी तुझा ब्लॉक काढायला लावला. पण अपमान झाल्यावर तू त्या पेजवर पुन्हा फिरकणार नाहीस, एवढं मी तुला ओळखते. शेवटी तू बाबांचाच मुलगा.

परवा बाबांनी पेजवर एक मजकूर टाकायला सांगितला. पेजवालीचा चेहरा उतरला, गिऱ्हाईक तुटेल म्हणून तिने परोपरीने समजावलं. त्यांनी ऐकलं नाही. लोकांना ती जाहिरातीची नवी युक्ती वाटली. हसऱ्या चेहऱ्यांचा नुसता पाऊस पडला. अर्जही आले, काही तर प्रत्यक्ष दारात आले. बाबा सगळ्यांना सूप पाजतात, काय वाटलं विचारतात आणि नाही म्हणून परत पाठवतात.

ज्याने वाचायला हवं होतं तो सोडून सगळ्यांनी तो वाचला. म्हणून इथे शब्दाला शब्द उतरवून देते:

‘महोदय, माझ्या जिभेला चव कळेनाशी झाली आहे. तरी सूप चाखून खरे सांगणारा माणूस पाहिजे. पगार योग्य. पातेल्यात चमचा घालण्याची पूर्ण मुभा राहील. याच कारणावरून पूर्वी इथून घालवून दिलेल्या माणसाला प्राधान्य. कळावे.’

जागा अजून भरलेली नाही.

तुझी,
ठमी