बाबिलोनचा बदली राजा

१३ डिसेंबर २००९, रविवार
हे आता ॲक्टिंग मॅनेजर! मालक संजयसाहेब तब्येतीसाठी लंडनला जाणार, तोवर खुर्ची ह्यांची. अख्ख्या दुबईत माणसं काढताहेत आणि आमच्याकडे बढती! गणपतीपुढे शिरा ठेवला. साजूक तुपातला. पगार मात्र तोच. "पगाराचं बघू, इन्शाल्ला," म्हणाले म्हणे साहेब. इथे इन्शाल्ला ऐकलं की मी आशा सोडते.

२ जानेवारी २०१०, शनिवार
ईश्वरीला शाळेचा प्रोजेक्ट. बाबिलोनचे लोक ग्रहण आधीच कसं सांगत? आता ह्या पंधरा तारखेला ग्रहण आहे, म्हणून टीचरनं दिलाय. मी म्हटलं, त्यात काय, पंचांग बघायचं! "आई, देअर वॉज नो पंचांग! दे जस्ट केप्ट रायटिंग!"

मग तिनंच वाचून दाखवलं. रोज रात्री आकाश बघायचं आणि मातीच्या ओल्या पाटीवर लिहायचं. चंद्र कुठे, ग्रहण लागलं का. शेजारी बार्लीचा भाव, नदीचं पाणी. बाप गेला की मुलानं लिहायचं. अशी शेकडो वर्षं! मग जुन्या पाट्या लावून बघताना कळलं, अठरा वर्षं अकरा दिवसांनी तसंच ग्रहण फिरून येतं. मात्र आठेक तास उशिरा, त्यामुळे कधी ते भलत्याच मुलखात दिसे आणि ही माणसं आपली गच्चीवर ताटकळत! ग्रहण म्हणजे काय ते धड ठाऊक नाही, पण येणार कधी ते ठाऊक. बार्लीचा भाव लिहिणारी माणसं मला आवडली.

५ जानेवारी
साहेबांची बायको-मुलं लंडनला गेली. कुत्रासुद्धा. तब्येत एकट्या साहेबांची बिघडलीय ना?

९ जानेवारी, शनिवार
प्रोजेक्टचं शेवटचं पान. वाईट ग्रहण येणार असं कळलं, की राजा मरणार असा त्यांचा समज. मग खरा राजा लपून बसे आणि एखाद्या साध्या माणसाला गादीवर बसवत. मुकुट, वस्त्रं, थाट, सगळं! संकट सरलं की त्याला मारून टाकत. राजा मेला, ग्रहणाचं समाधान झालं. खरा राजा परत गादीवर.

"सो मीन ना, आई?" म्हणत ईश्वरी थर्माकोलच्या बाहुल्याला मुकुट चिकटवत होती.

मला ह्यांची खुर्ची आठवली. जेवताना ह्यांना विचारलं, खुर्चीबरोबर आणखी काय मिळालं हो?
"उद्या बँकेत सही नोंदवायची. पुढचे सगळे चेक माझ्याच सहीनं." केवढ्या अभिमानानं सांगितलं!

इथे चेक परत आला की सही करणाऱ्याला धरतात, मालकाला नाही. चौथ्या मजल्यावरच्या कावेरीचा नवरा दिवाळीपासून आत आहे.
"उद्या सही करायची नाही."
"आणि नोकरी गेली तर? व्हिसा?"
"मीठ-भाकरी खाऊ. तुम्ही राजे नाही, अहो! राजे लंडनला चाललेत!"
हे ताटावरून उठले. ईश्वरीला हाक मारून ते पान स्वतः वाचलं.

१० जानेवारी
सही केली नाही! बीपी वाढलंय म्हणाले. साहेब चिडले, पण जुनी जागा शाबूत. टीचरला ही बुद्धी देवानंच दिली. संकटी पावला!

१५ जानेवारी, शुक्रवार
ग्रहण लागलं आणि सुटलं. बाबिलोनवाले असते तर खूश झाले असते. आंघोळी झाल्या, वरण-भात झाला. घरातली माणसं घरात.

१८ जानेवारी
संध्याकाळी नीलेश आला होता. ह्यांच्या ऑफिसातला स्टोअरकीपर, खेडचा. इंटरनॅशनल सिटीत एका खोलीत सहा जणांत राहतो. नवा टाय, इस्त्रीचा शर्ट.
"वहिनी, मॅनेजर झालो! काल बँकेत सहीपण झाली. दादांनीच साहेबांना माझं नाव सुचवलं."
हे आतल्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत.
तो पाया पडायला वाकला. मी म्हटलं, यशस्वी हो.