पेटीचा वास गेला, मामा

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (एक मामींनाही, आणि अर्धा तुमच्या डाव्या गुडघ्याला, जिना चढताना अजून करकरतो का?) मी मजेत आहे, म्हणजे तसं लिहायची पद्धत आहे.

पत्रास कारण तुमच्या व्हायोलिनची पेटी. हल्ली मी एका हॉटेलात जेवणाऱ्यांसमोर वाजवतो (ऐकत कोणी नाही, पण चमचे तालात असतात). पेटीला असा काही वास सुटला होता की ती उघडली की पियानोवाल्या बाई खिडकी उघडायच्या, आणि मी वाजवायला लागलो की दारही, त्यामुळे नक्की तक्रार कशाची तेच कळेना. शेवटी मालक म्हणाले, "एक तर पेटी बदल, नाही तर नोकरी." नोकऱ्या काय, मी चपलांसारख्या बदलतो, पण पेटी तुमची.

मग उन्हात ठेवली, तर मांजरीने तिच्यात संसार थाटला. (पिल्लं गोड आहेत, त्यांच्याविषयी नंतर.) व्हिनेगरने पुसली, तर दोन्ही वास जावा-जावांसारखे एका घरात नांदू लागले. खाण्याचा सोडा भुरभुरवला आणि व्हायोलिन न झटकताच वाजवायला घेतलं. पहिल्याच सुराला समोरच्या गृहस्थांच्या सूपवर पांढरा पाऊस! "मीठ मी मागितलं नव्हतं," म्हणाले.

शेवटी अस्तर उसवलं. आत मी निघताना मामींनी दिलेलं उकडलेलं अंडं! आपल्या घरात कुलूप लागणारी वस्तू ही पेटी एकच, म्हणून चाव्या, औषधं, माझी प्रगतिपुस्तकं, सगळं तिच्यातच. त्याच सवयीने मी शिदोरीही कोंबली होती, आणि अंडं फाटक्या अस्तरातून आत घसरलं होतं. अंडं लांब नेऊन पुरलं, अस्तर साबणाने धुतलं, लाकूड घासलं. वास गेला. मालक खूश, बाईंनी खिडकी लावून घेतली.

पण मामा, सगळाच गेला हो. त्या अंड्याच्या खाली तुम्ही होतात. पंक्चरचं सोल्युशन, साखळीचं ग्रीस, तुमची तंबाखू. सायकलचं दुकान बंद केलं की तसेच बसायचात वाजवायला, आणि मामी आतून ओरडायच्या, "आधी हात धुवा, मग रडवा त्याला!" कुठल्याही गावात खोली घेतली की मी आधी पेटी उघडायचो, म्हणजे खोली आपली व्हायची. काल उघडली तर नव्या कपाटासारखी कोरी. नाक खुपसून बसलो होतो, तर घरमालकीणबाई दारातून म्हणाल्या, "काही हरवलंय का?" सर्दी झालीय म्हणालो.

असो. गुडघ्याला जपा.

तुमचा, पाय घरात न ठरणारा भाचा

ता. क. दुकानातलं हात पुसायचं फडकं पाठवाल का? मामींना धुवू देऊ नका.

ता. क. पुन्हा : फडकं राहू द्या, टपालात त्याचा वास उडून जाईल. माळ्यावरच्या खोलीत माझी खाट अजून आहे का, तेवढं कळवा. आणि अंड्याचं मामींना सांगू नका, परत निघताना द्यायच्या नाहीत. (निघालो तर.)