ज्वारीतला रावणहत्ता

येडशी, गुरुवार

तीर्थस्वरूप चन्नबसप्पा दाजींना शिवशरणचे शरणु शरणार्थी. तुमचा गुडघा, आक्काचा दमा आणि परंड्याची हवा, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. आमच्याकडं सगळे धडधाकट आहेत (असं लिहायची पद्धत आहे, खरं काय ते पुढं येईलच). फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ही हकीकत ओरडून सांगण्यासारखी नाही. बाजारात ती आधीच पोचली आहे, पण चुकीची पोचली आहे. म्हणून हे पत्र.

दुकानासाठी भांडी आणायला धाराशिवला गेलो होतो. स्टँडबाहेर एक राजस्थानी माणूस रावणहत्ता विकत होता. नारळाची करवंटी, तिच्यावर ताणलेलं कातडं, वर बांबूची दांडी, तारा आणि घोड्याच्या केसांचा गज. गजाला घुंगरं. त्याच्या हातात ते वाद्य रडत होतं, आणि फार गोड रडत होतं. किंमत एका कुकरपेक्षा कमी. आपली भजनातली वचनं यावर कशी वाजतील ते बघावं, एवढाच माझा हेतू होता. पण घरी आल्यावर ते रडेना, नुसतं कण्हायला लागलं. श्रीदेवीनं काही दिवस सोसलं (माझी बायको सोसणारी आहे, पण मोजून), मग एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "हे घरात न्हाय." मी विचारलं, मग कुठं? ती म्हणाली, "रान कशाला घेतलंय?"

रानात मोकळीक मिळाली तशी माझी बुद्धीही मोकळी झाली. मूळची तार नाजूक वाटली म्हणून ती काढून मोपेडच्या ब्रेक वायरचा एक पदर ओढून बसवला. आवाज घुमावा म्हणून करवंटी दुकानातल्या रिकाम्या स्टीलच्या कळशीवर टेकवली. सोमवारी दुपार कलल्यावर ज्वारीच्या मधोमध जाऊन बसलो (पीक डोक्यावरून गेलेलं, बाहेरून कोणाला दिसायची भीती नाही) आणि गज ओढला. घुमला की हो. इतका घुमला की माझंच काळीज हललं. मी डोळे मिटून ओढत राहिलो.

आता तुम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट. अभयारण्याच्या बाजूनं बिबट्या उतरलाय अशी गावात बोलवा होती. वनखात्याच्या माणसानं पारावर सगळ्यांना बसवून सांगितलं होतं, की बिबट्याचा आवाज करवतीनं लाकूड कापल्यासारखा येतो. मी त्या बैठकीला नव्हतो, दुकानात गिऱ्हाईक होतं.

थोड्या वेळानं बांधावरून शेजारच्या बलभीमचा आवाज आला. "ज्वारीत हाय. म्या स्वतःच्या कानानं ऐकलं." मग पळणारी पावलं, डबे बडवल्याचा आवाज, आणि कोणीतरी ओरडलं, "बिबट्या, बिबट्या." दाजी, तुम्ही हसाल, पण मला वाटलं बिबट्या खरंच ज्वारीत आहे आणि माझ्याबरोबर आहे. मी गज थांबवला. त्याबरोबर बाहेरही सगळे गप्प झाले, आणि बलभीम हळूच म्हणाला, "दबा धरून बसलाय." ते ऐकून मी गज छातीशी धरला. हललो की गजाची घुंगरं वाजत. मी ती मुठीत दाबून धरली. डावीकडं ज्वारीचं एक ताट हललं. वारा असेल. मग उजवीकडं दोन हलली, आणि तिकडं वारा नव्हता. बाहेर कोणी म्हणत होतं, वनखात्याची गाडी यायला वेळ लागेल, तोवर बांधाला जाळ करा, धुरानं बाहेर पडेल. दाजी, वारा माझ्याकडं होता आणि खालचा पाला वाळून कडकडीत झालेला.

तेवढ्यात श्रीदेवीचा आवाज आला. "पेटवू नका. आमचे हे आत हायत." मग कोणीतरी म्हणालं, "वहिनी, आता आत जाऊन काय उपयोग." ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. ताटं मोडत ती आत शिरली एवढं कळलं. "अहो, कुठं हाय तुम्ही?" पुन्हा, "अहो." ती चुकीच्या बाजूला, बांधाकडून नाल्याकडं चालली होती. मी ओरडायला तोंड उघडलं. घसा बंद. कितीही जोर केला तरी हवाच बाहेर येई. शेवटी जवळ होता तो एकच आवाज मी केला. गज ओढला.

बांधावरचे लोक गावाच्या दिशेनं पळाले. श्रीदेवी मात्र सरळ आवाजाकडं आली, हातात विळा. पदर सुटलेला, तोंड पांढरंफटक. मला बघितलं, कळशी बघितली. मी कसंबसं म्हणालो, "खाली बस. आत बिबट्या आहे." तिनं विळ्यानं गज दाखवला, आणि मग दाजी, मला समजलं, बिबट्या मीच. ती एवढंच म्हणाली, "उठा." मी उठलो. बसून बसून पायांना मुंग्या आल्या होत्या, तर तिनं खांद्याचा आधार दिला. परत आलेल्या लोकांमधून आम्ही तसेच घरी गेलो. बलभीमनं कळशी उचलून आणली आणि पुसून दारात ठेवली. ते जास्त लागलं.

आक्काला नमस्कार. उत्तराची वाट बघतो.

आपला नम्र,
शिवशरण

ता. क. वाद्याला पुन्हा मूळची तार बसवली आहे. आता हळू वाजतं.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण हे, की त्या दिवसापासून श्रीदेवी माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. जेवायला वाढते, बघते, पण तोंड उघडत नाही. मी भांडी घासली, बाजारातून तिच्या आवडीचे पेढे आणले, काल पाय चेपू का विचारलं. काही नाही. आक्काला काही दिवस पाठवा. आक्काचं ती ऐकते.

ता. क. तिसरा. दाजी, मी श्रीदेवी. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय. त्या दिवशी रानात ओरडून माझा घसा बसला. शेजारच्या हर्षालीसंगं डॉक्टरकडं जाऊन आले, त्यांनी पंधरवडाभर बोलायचं न्हाय म्हणून सांगितलंय. घसा बसला का असं ह्यांनी एकदा जरी विचारलं असतं तरी लिहून दाखवलं असतं. पण ह्यांना वाटतंय मी रागावले. वन्संना जरूर पाठवा, पण जरा दमानं. आत्ता ते माझ्यासाठी चहा ठेवतायत. लग्नापासून पहिल्यांदाच.